जॉन मार्शल ‘शून्यातून’ आला नव्हता

“लाकडी झोपडीत जन्म, पंधरा भावंडं, शाळेचं तोंड पाहिलं नाही. सहा आठवडे कायदा शिकला आणि केवळ जिद्दीवर अमेरिकेचा पहिला सरन्यायाधीश झाला. घटनाविरोधी कायदा रद्द करण्याचा अधिकार ही त्याचीच देणगी. गुलामगिरीचा कट्टर शत्रू. तो गेला तेव्हा शोकाने फिलाडेल्फियाची ऐतिहासिक घंटा लिबर्टी बेलसुद्धा तडकली.” जॉन मार्शलबद्दलचा या धर्तीचा मजकूर व्हॉट्सॲपवर, विशेषतः कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या गटांत, अधूनमधून फिरत असतो. खाली हात जोडलेल्याचं चिन्ह, वर मशालीचं. मार्शल मोठा माणूस होता यात वाद नाही, पण या मजकुरातला मार्शल कुणीतरी घरी बसून तयार केलेला आहे, आणि तो करताना त्याचं सगळं गणगोत कापून टाकलं आहे.

सोपा मुद्दा आधी. मार्शल पहिला नाही, चौथा. आधी जॉन जे, मग काही महिने जॉन रटलेज (त्याची नेमणूक सिनेटने फेटाळली), मग ऑलिव्हर एल्सवर्थ. एल्सवर्थने राजीनामा दिल्यावर अध्यक्ष जॉन ॲडम्सने पुन्हा जे यालाच नेमलं. जेने नकार कळवला, तेव्हा ॲडम्सने आपला परराष्ट्रमंत्री उचलून त्या खुर्चीत बसवला. तो मार्शल, साल १८०१. मृत्यूपर्यंत, म्हणजे १८३५ पर्यंत, ती खुर्ची त्याच्याकडेच राहिली. चौतीस वर्षांमुळे ‘पहिला’ असा समज होत असेल तर एक वेळ समजू शकतं.

आता ती झोपडी. २४ सप्टेंबर १७५५ ला व्हर्जिनियाच्या सरहद्दीवरच्या वस्तीत, साध्या लाकडी घरात तो जन्मला, आणि पंधरा भावंडांत थोरला होता, इथपर्यंत खरं. पण बाप कोण? थॉमस मार्शल. भूमापक, काउंटीचा शेरीफ, व्हर्जिनियाच्या विधानसभेचा सदस्य, लॉर्ड फेअरफॅक्सच्या अफाट जमिनीचा कारभार पाहणारा आणि जॉर्ज वॉशिंग्टनचा जुना स्नेही. ब्लॅकस्टोन या इंग्रज कायदेपंडिताच्या ग्रंथाची अमेरिकन आवृत्ती निघाली तेव्हा आगाऊ वर्गणी भरणाऱ्यांत हा बाप होता. जंगलाच्या कडेला राहून मुलासाठी कायद्याचे खंड मागवणाऱ्या घराला दरिद्री म्हणायचं असेल तर शब्दकोश बदलावा लागेल. मुलगा वर्षभर एका पाद्र्याच्या शाळेत होता, तिथे सोबतीला जेम्स मन्रो, म्हणजे पुढचा राष्ट्राध्यक्ष. मग घरी शिकवणी.

आईकडून तर थेट रँडॉल्फ घराणं, व्हर्जिनियातलं बड्यातलं बडं. विल्यम रँडॉल्फ हा थॉमस जेफरसनचा पणजोबा आणि मार्शलचा खापरपणजोबा. जन्मभर ज्यांचं एकमेकांशी पटलं नाही ते दोघे असे भाऊबंद होते. वकिलीची सनद मार्शलला १७८० मध्ये मिळाली तीही तेव्हाचा गव्हर्नर असलेल्या जेफरसनच्या सहीने. पुढे गंमत अशी की मार्शलची सासू रेबेका बर्वेल ही तरुण जेफरसनने जिच्यामागे झुरण्यात बराच काळ घालवला तीच मुलगी. तिने जेफरसनला सोडून जॅकलिन ॲम्बलरशी लग्न केलं, आणि हे सासरे पुढे व्हर्जिनियाचे खजिनदार. जावई वकिलीत नवा असताना असं सासर असणं काय असतं हे कोणत्याही तालुक्याच्या बाररूममध्ये विचारा.

सहा आठवड्यांचं म्हणाल तर विल्यम अँड मेरी कॉलेजातले ते दिवस थोडेच होते खरे, पण शिकवणारा जॉर्ज वाइथ होता, जेफरसनचाही गुरू. मार्शलची त्या वेळची वही टिकली आहे. कायद्याच्या टिपणांच्या मध्येच ‘पॉली ॲम्बलर’ हे नाव गिरवलेलं दिसतं. ३ जानेवारी १७८३ ला त्याच पॉलीशी (मूळ नाव मेरी) लग्न झालं. दहा मुलं झाली, सहा जगली. मुलं गमावल्यावर पॉलीची तब्येत जी ढासळली ती कायमची, आणि घराबाहेरच्या जगात ती फारशी वावरली नाही. रिचमंडच्या कबरीवरचा मजकूर मार्शलने स्वतः लिहून ठेवला होता: थॉमस आणि मेरी मार्शल यांचा मुलगा, अमुक तारखेला जन्म, अमुक तारखेला मेरी विलिस ॲम्बलरशी विवाह, मग मृत्यू. सरन्यायाधीशपदाचा उल्लेखच नाही. ‘स्वयंभू’ ठरवलेला माणूस आपली ओळख आईबाप आणि बायकोच्या नावाने सांगतो आहे.

‘न्यायालयीन पुनर्विलोकन त्याची देणगी’ हा दावा अर्धवट आहे. घटनाविरोधी कायदा न्यायालयाने मानू नये हा विचार मार्शलने निकाल दिलेल्या मार्बरी खटल्याच्या, म्हणजे १८०३ च्या, बराच आधीचा. खुद्द वाइथने १७८२ मध्ये व्हर्जिनियाच्या न्यायपीठावरून विधिमंडळाला तशी समज दिली होती. घटनेचा पुरस्कर्ता अलेक्झांडर हॅमिल्टन याने १७८८ मध्ये तो लेखात मांडला. त्याच वर्षी घटनेला मान्यता देणाऱ्या व्हर्जिनियाच्या सभेत मार्शलही तेच बोलला. १७९६ मध्ये बग्ग्यांवरच्या कराचा कायदा घटनेला धरून आहे का, हे सर्वोच्च न्यायालयाने तपासलं आणि कर कायम ठेवला. मार्शलने केलं ते इतकंच, पण ते लहान नव्हे: काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, कायद्यातलं एक कलम सर्वोच्च न्यायालयाने पहिल्यांदा बाद ठरवलं आणि कारणं अशी मांडली की मोडणं अवघड व्हावं. नंतरच्या बत्तीस वर्षांत त्याच्या न्यायालयाने काँग्रेसचा दुसरा कायदा रद्द केला नाही. पुढचा थेट १८५७ मध्ये, ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात. आपल्याकडे हा अधिकार राज्यघटनेच्या कलम १३ मध्ये लिहूनच ठेवला आहे. अमेरिकेच्या घटनेत तो स्पष्ट शब्दांत नाही, म्हणून तिथे मार्बरीचं एवढं माहात्म्य.

त्या खटल्यातली घरची बाजू मात्र फॉरवर्डमध्ये कधीच नसते. वाद होता ॲडम्सने जाता जाता नेमलेल्या मार्बरी वगैरेंच्या, पोचवायच्या राहून गेलेल्या नेमणूकपत्रांचा. ती पोचवायची जबाबदारी कुणाची? तेव्हाच्या परराष्ट्रमंत्र्याची, म्हणजे मार्शलचीच. आणि काही पत्रं न्यायला गेलेला त्याचा सख्खा भाऊ जेम्स. सगळी नेता आली नाहीत म्हणून काही परत आणून ठेवली, असं त्यानेच प्रतिज्ञापत्रावर सांगितलं. या भावालाही ॲडम्सने जाता जाता न्यायाधीश करून ठेवलं होतं. तरी मार्शल खटल्यातून बाजूला झाला नाही. १८१६ च्या मार्टिन खटल्यात मात्र झाला, कारण फेअरफॅक्सच्या जमिनीत भावाभावांचा पैसा गुंतला होता. जमिनीसाठी उठायचं आणि स्वतःच्या दप्तराच्या चुकीसाठी बसून राहायचं, हे मला आजही पटत नाही.

गुलामगिरीचा कट्टर शत्रू? इथे मजकूर सरळ खोटा आहे. घरात डझनभर गुलाम होते एवढंच जुने चरित्रकार सांगत. इतिहासकार पॉल फिंकेलमनने २०१८ मध्ये कागदपत्रांवरून दाखवलं की त्याच्या मालकीची माणसं शेकड्यांत मोजावी लागतात. शेतमळ्यांसाठी तो ती विकत घेत होता आणि मुलांना देत होता. निकाल पाहा. १८१३ मध्ये मिमा क्वीन या बाईने आपली पूर्वज स्वतंत्र होती, म्हणून आपणही स्वतंत्र, असा दावा केला. त्या पूर्वज बाईला पाहिलेली माणसं केव्हाच मेली होती, उरली होती ती त्यांच्याकडून ऐकलेली साक्ष. ऐकीव पुरावा चालणार नाही, असं मार्शलने लिहिलं. त्याच न्यायालयातला, मूळ मेरीलँडचा न्यायमूर्ती गॅब्रिएल डुवॉल, जो एरवी क्वचितच स्वतंत्र मत लिहायचा, त्याने इथे विरोधी मत दिलं. १८२५ मध्ये गुलामांचा व्यापार निसर्गनियमाविरुद्ध असल्याचं मार्शलने मान्य केलं, पण आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध नाही म्हणाला. मृत्युपत्रात रॉबिन या आयुष्यभर राबलेल्या गुलामासाठी तरतूद आहे: स्वातंत्र्य घेऊन लायबेरियाला (आफ्रिकेतली मुक्त गुलामांची वसाहत) गेलास तर शंभर डॉलर, इथेच राहिलास तर पन्नास; दोन्ही जमत नसेल तर माझ्या मुलांपैकी मालक निवड. म्हाताऱ्या रॉबिनने मुलीचं घर निवडलं. शिकागोच्या विधी महाविद्यालयाने २०२१ मध्ये आणि क्लीव्हलँडच्या महाविद्यालयाने २०२२ मध्ये आपल्या नावातून मार्शलचं नाव वगळलं ते याच कारणाने.

राहिली घंटा. मार्शल ६ जुलै १८३५ ला फिलाडेल्फियात वारला. त्याला भेटायला निघालेला थोरला मुलगा थॉमस वाटेत बाल्टिमोरला वादळात चिमणीच्या विटा पडून आठवडाभर आधीच गेला होता. खऱ्या शोकाची ही गोष्ट फॉरवर्डवाल्यांना सापडलेली नाही. घंटा त्याच्यासाठी वाजताना तडकली, ही कथा नंतरची. अंत्ययात्रेच्या त्या वेळच्या वर्तमानपत्री बातम्यांत तडा गेल्याचं नाव नाही. पक्कं माहीत आहे ते १८४६ चं: जुन्या तड्याच्या कडा घासून ती वाजवण्याजोगी केली होती, वॉशिंग्टनच्या जयंतीला वाजवली, तडा वाढला आणि घंटा कायमची बंद पडली.