पशुवैद्यकीय कॉलेज वाढवताय? आधी जनावराला नकाशातून काढा

सुरुवात फरशीपासून करा, साहेब. चकचकीत टाइल बसवा, पाहुण्यांना तीत तोंड दिसलं पाहिजे. पाचशे किलोच्या म्हशीचे मागचे पाय ओल्या टाइलवर फाकले आणि मांडीचे स्नायू फाटले, की ती सहसा उठत नाही. उचलायला छताला तुळई अन् चेन पुली लागते, पण पीओपीत तुळई शोभत नाही. खरबरीत, रेघा मारलेलं काँक्रीट गोठ्यात ठीक, कॉलेजात नको.

खोडा, म्हणजे उपचारासाठी जनावर उभं जखडायची चौकट, मात्र डाव्या अंगाने भिंतीला चिकटवून बसवा. जागा वाचते. कोठीपोट, म्हणजे गाईच्या पोटाचा सगळ्यात मोठा कप्पा, डावीकडे असतं. पोटातल्या तारा, खिळे, प्लास्टिक काढायला लिग्नोकेनने जागा बधिर करून, उभ्या गाईची डावी भकाळी (बरगड्यांमागची कूस) उघडावी लागते. हरकत नाही. वीस विद्यार्थी उजवीकडे उभे राहून बरगड्या मोजतील. साडेपाच वर्षांच्या अभ्यासक्रमात तेवढं तरी पाठ होईलच.

पत्रे हात पोचेल इतक्या उंचीवर टाका. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळिशीला टेकतो. काळ्या कातडीची, कमी घाम येणारी म्हैस पत्र्याखाली धापा टाकू लागली, की उष्माघाताचं प्रात्यक्षिक आपोआप होतं.

विलगीकरण कक्ष हवाच. २०२२ च्या साथीत राज्यातलं पहिलं लम्पीबाधित जनावर आपल्याच रावेर तालुक्यात सापडलं. लम्पी चावणाऱ्या माश्या, डास अन् गोचिडांमुळे पसरतो, म्हणून कक्ष उकिरड्याला खेटून बांधा. जाळ्यांचा खर्च पुढच्या टप्प्यात दाखवा.

कृत्रिम रेतनाचं गोठवलेलं वीर्य ठेवायला द्रव नायट्रोजनचा कंटेनर लागतो; त्याची वेगळी निविदा काढा, पण पातळी मोजायच्या लाकडी पट्टीची नको. आत उणे १९६ अंश असतं. नायट्रोजन रोज थोडा थोडा उडतो. पातळी उतरली की रेतकांड्या, म्हणजे वीर्य भरलेल्या नळ्या, वितळतात. वर पुन्हा नायट्रोजन ओतला की त्या गोठतात, दिसतात जशाच्या तशा, आत शुक्राणू मेलेले. एकवीस दिवसांनी शेतकरी येतो, "डाक्टर, गाय परत उलटनी." म्हणजे गाभण राहिली नाही, पुन्हा माजावर आली. त्याला खनिज मिश्रण लिहून द्या.

राहिली कोनशिला. ती गेटजवळच, टेम्पोतून जनावर उतरवायला धक्का बांधणार होतात तिथे बसवा. यावलहून कुणी पाय मोडलेली गाय घेऊन आलाच, तर फळी तो घरूनच आणेल.