मागच्या दाराची कडी

गाडी घेऊन वर्ष होत आलं, आता बोलायला हरकत नाही. कंपनी कोणती ते विचारू नका. चार मीटरच्या आतली, लाल अंग, काळं छप्पर. शोरूमबाहेर उभी होती तरी पळतेय असं वाटलं, आणि तिथेच मी घसरलो.

पहिल्याच दिवशी नारळ फोडून झाल्यावर आई मागे बसायला गेली. दारावरून दोनदा हात फिरवला नि म्हणाली, "भाऊ, या दारले कडी नही शे का रे?"

कडी होती. वर, काचेच्या मागे, काळ्या पट्टीत लपवलेली. पाच दारांची गाडी लांबून कूपे, म्हणजे दोन दारांची, उतरत्या छपराची स्पोर्टी गाडी दिसावी म्हणून ही युक्ती. २०१८ च्या स्विफ्टला अशीच होती, २०२४ च्या स्विफ्टला परत दारावर आली. तिकडेही कुणाच्या तरी आईने विचारलं असणार.

डिझायनरचा सगळाच दोष नाही. चार मीटरच्या पुढे गेलं की कर चढतो, त्यामुळे बोनेट लांबवता येत नाही. मग वेग दाखवायचा कसा? नुसत्या रेषांनी. खिडकीची कड मागे जाताना वर चढवायची, छप्पर मागे उतरवायचं. दिसतं झकास. पण या दोन रेषा जिथे जवळ येतात, नेमकी तिथेच मागची सीट असते. ताईकडे जाताना फैजपूर सोडलं की दोन्ही बाजूंनी केळीच केळी, आणि आईला मागून दिसतं आभाळ. भाच्याचं डोकं तर छपराला टेकतं.

आणि स्पोर्टी म्हटलं की आतून सगळं काळंच, हा नियम कोणी केला? भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. तासभर उन्हात उभ्या गाडीत बसून बेल्टचं बक्कल धरून दाखवा. मी स्टिअरिंगवर पंचा टाकून ठेवतो. कूपे म्हणे!

डिकीचंही तेच. आत किती मावतं तो लिटरचा आकडा चांगला आहे, पण तोंड अरुंद आणि उंबरा मांडीएवढा उंच. ताईने बामणोदच्या भरिताच्या वांग्यांची गोणी दिली, ती काही केल्या आत जाईना. शेवटी आईच्या शेजारी सीटवर बसून आली.

विकणार का? नाही. चाळीसगाव सोडून कन्नड घाटाला लागलो की ही गाडी वेगळीच होते. चाकं पार चार कोपऱ्यांत, अंग बुटकं, वळणावर झुकतच नाही. माझं हसू मावत नाही. आई मागे वरचा दांडा धरून गप्प बसलेली असते.

दसऱ्याला तिने बोनेटवर स्वस्तिक काढलं. मग मागे जाऊन त्या लपलेल्या कडीच्या बरोबर खाली कुंकवाचं ठसठशीत बोट लावलं. वॉशिंगवाल्या पोराने परवा ते घासून पुसलं. गाडी दारात येताच आईने करंडा आणला.