पोर्तो अलेग्रेची टीव्ही केंद्रं ग्लोबोचे ‘रिले टॉवर’ नव्हती

ब्राझीलच्या टीव्हीचा विषय निघाला की एक दावा हमखास पुढे येतो: ‘टीव्ही देशभर नेला तो रिओच्या ग्लोबो या नेटवर्कने. प्रादेशिक केंद्रं म्हणजे तिचे रिले टॉवर, आलेला सिग्नल तसाच पुढे पाठवणारे मनोरे. रंगीत टीव्हीही तिनेच आणला. आणि नेटवर्क बुडालं की ही केंद्रं आपोआप बुडणारच.’ दक्षिणेतल्या पोर्तो अलेग्रे या एका शहराचा इतिहास तपासला तरी यातलं फारसं काही शिल्लक राहत नाही.

‘ग्लोबोने देशभर नेला’

साओ पावलोत तुपी हे देशातलं पहिलं टीव्ही केंद्र सुरू झालं १८ सप्टेंबर १९५० ला. पोर्तो अलेग्रेत चॅनेल ५ वर तुपीच्याच समूहाचं पिरातिनी आलं २० डिसेंबर १९५९ ला आणि चॅनेल १२ वर मौरिसिओ सिरोत्स्की सोब्रिन्यो यांचं गाउशा २९ डिसेंबर १९६२ ला. ग्लोबोचा जन्म २६ एप्रिल १९६५ चा. ज्याला तिचा टॉवर म्हणतात ते गाउशा तिच्यापेक्षा सव्वादोन वर्षांनी थोरलं आहे. ते ग्लोबोशी संलग्न झालं, म्हणजे करार करून तिचे कार्यक्रम दाखवू लागलं, १९६७ मध्ये. पुढे त्याचाच आरबीएस समूह झाला.

‘नुसते रिले टॉवर’

रिले करायचं तर आधी सिग्नल पोचायला हवा. टीव्ही प्रक्षेपणाच्या व्हीएचएफ लहरी क्षितिजापलीकडे फारशा जात नाहीत. मनोऱ्यावरून मनोऱ्याकडे सिग्नल नेणाऱ्या मायक्रोवेव्हचा एक टप्पा साधारण ५० किलोमीटरचा धरला, तर रिओ ते पोर्तो अलेग्रे हे हजाराहून अधिक किलोमीटरचं अंतर गाठायला निदान वीसेक मनोरे हवेत. हे जाळं उभारणारी सरकारी कंपनी एम्ब्रातेल स्थापन झाली १९६५ मध्ये आणि दक्षिणेची साखळी जोडली गेली १९६९ मध्ये. म्हणजे संलग्न झाल्यावरही पहिली दोनेक वर्षं रिओचे कार्यक्रम विमानाने टेपवरच यायचे.

ही टेप दोन इंच रुंद. सेकंदाला १५ इंच पळणारी, म्हणून तासाभराच्या कार्यक्रमाला ४,५०० फूट लागे. चार हेड बसवलेलं चाक मिनिटाला १४,४०० फेरे घेई आणि चित्राचं एक क्षेत्र (फील्ड, म्हणजे अर्धी चौकट) १६ आडव्या पट्ट्यांत लिहिलं जाई. एका यंत्रावर मुद्रित केलेली टेप दुसऱ्यावर लावली आणि टेपला बाक देणारा गाइड केसभर जरी पुढेमागे असला, तरी चित्र आडव्या पट्ट्यांत तुटायचं. तोडजोड करायची तर टेपवर लोखंडाची बारीक पूड लावून पट्टे उमटवायचे, दोन क्षेत्रांमधली नेमकी जागा भिंगाखाली शोधायची आणि ब्लेडने कापायची. जोड चुकला की घरातल्या संचावर चित्र वरखाली गडगडलंच. टॉवर हे काम करत नाही. त्याला यंत्रं, तंत्रज्ञ आणि स्वतःचं मास्टर कंट्रोल (प्रक्षेपणाचा नियंत्रण कक्ष) असलेलं केंद्रच लागतं.

कायदाही हेच सांगतो. १९६२ च्या दूरसंचार संहितेनुसार (कायदा ४११७) परवाना केंद्राला मिळतो, टीव्हीसाठी १५ वर्षांचा. नेटवर्क नावाच्या गोष्टीला परवानाच नाही. १९६७ च्या २३६ क्रमांकाच्या वटहुकमाने एका मालकाकडे देशभरात जास्तीत जास्त दहा केंद्रं, त्यातली व्हीएचएफवर पाचच, अशी मर्यादा घातली. ग्लोबोची स्वतःची केंद्रं म्हणूनच पाच: रिओ, साओ पावलो, बेलो ओरिझोंती, ब्रासीलिया, रेसिफे. बाकी देश स्थानिक मालकांशी करार करून. ब्राझीलमध्ये ‘निर्मिती केंद्र’ आणि ‘पुनर्प्रक्षेपक’ असे वेगळे वर्ग आहेत आणि गाउशा पहिल्या वर्गातलं. आपल्याकडे लघुशक्ती केंद्रांवर दिल्लीचं सहक्षेपण बघितलेल्यांचा इथेच घोटाळा होतो.

दाव्यात तथ्य आहे ते एवढंच, की संध्याकाळच्या मुख्य वेळेतल्या मालिका रिओहून येत. स्थानिक स्टुडिओतली थेट नाटकं व्हिडिओटेपने संपवली, हेही खरं. पण दुपार स्थानिकच राहिली. ६ मार्च १९७२ ला गाउशाने सुरू केलेलं दुपारचं बातमीपत्र ‘जोर्नाल दो आल्मोसो’ आजही चालू आहे.

‘रंगीत टीव्ही ग्लोबोने आणला’

हे तर सरळ चूक. देशातलं पहिलं अधिकृत रंगीत प्रक्षेपण १९ फेब्रुवारी १९७२ ला झालं: काशियास दो सुल गावचा द्राक्षोत्सव. ते केलं पोर्तो अलेग्रेच्याच चॅनेल १० ने, म्हणजे कापुचिन साधूंच्या मालकीच्या दिफुसोराने. तांत्रिक मदत टीव्ही रिओची, म्हणजे ग्लोबोहून वेगळ्या केंद्राची. दळणवळण मंत्री इजिनो कोर्सेत्ती मूळचे काशियासचे, हा योगायोग समजायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. १९७० च्या फुटबॉल विश्वचषकाची रंगीत चित्रं ब्राझीलपर्यंत पोचली होती, पण ती मोजक्या निमंत्रितांपुरती. ग्लोबोची पहिली रंगीत मालिका आली जानेवारी १९७३ मध्ये.

पद्धत निवडली ती पाल-एम. जुने कृष्णधवल संच चालू राहावेत म्हणून ५२५ रेषा आणि ६० हर्ट्झ ही अमेरिकी चौकट कायम ठेवली, रंग मात्र जर्मन पाल पद्धतीचा. रंगाची माहिती वाहणारी लहर, म्हणजे उपवाहक, ३.५७५६११ मेगाहर्ट्झ, अमेरिकी एनटीएससीचा ३.५७९५४५. फरक चार किलोहर्ट्झचाही नाही, पण मायामीहून आणलेला व्हीसीआर जोडला की चित्र स्थिर, आवाज स्वच्छ आणि रंग गायब. संचातला वारंवारता ठरवणारा क्रिस्टल त्या वारंवारतेला धरत नाही, वर पालमध्ये दर ओळीला एका रंगघटकाची फेज उलटते, ती एनटीएससीत उलटत नाही. मग दुकानात नेऊन एका पद्धतीचा रंग दुसरीत बदलणारा ट्रान्सकोडर बसवून घ्यायचा.

‘नेटवर्क बुडालं की केंद्र बुडालं’

तुपी समूहाच्या नेटवर्कचा शेवट बघा. जुलै १९८० मध्ये सरकारने त्याचे सात परवाने रद्द केले, त्यात पिरातिनीही गेलं. पण त्याच समूहाची साल्वादोरची इतापुआँ आणि टीव्ही ब्रासीलिया या सातांत नव्हती, आणि ती चालू राहिली. पिरातिनी बंद पडलं ते त्याचा स्वतःचा परवाना गेला म्हणून. त्याचं चॅनेल ५ पुढे टीव्ही सूत्रसंचालक आणि उद्योजक सिल्व्हियो सान्तोस यांच्याकडे गेलं, आणि दिफुसोरा बांदेइरान्तेस समूहाने घेतलं.