बास म्हणजे बास

कोजागिरीचे फोटो परवा सोसायटीच्या ग्रुपवर पडले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी माझ्या फोटोखाली लिहिलं, 'गिटार छान वाजवलीस रे.' त्याखाली त्यांच्याच नातवाने, 'आजी ती गिटार नाही, बास आहे.' त्याखाली काकू, 'बास का? मला तर आवडत होतं.'

17 वर्षं हे वाद्य, म्हणजे बेस गिटार (कुणी बास म्हणतं; जाड तारांची, बँडला खालचा सूर देणारी), गळ्यात अडकवून फिरतोय, इतकी मनापासूनची दाद आजवर मिळाली नव्हती. म्हटलं आता बरेच दिवस पोटात असलेलं लिहूनच टाकू. पोस्ट लांब आहे. शेवटी एक जाहिरात आहे, घाईत असाल तर थेट तिकडे जा.

माझं म्हणणं एवढंच की हौशी बेसवाल्याला चार तारा बास. हे मत कुठे वाचलेलं नाही, पदरचे पैसे घालून बनवलंय. किती ते विचारू नका, बायको फेसबुकवर आहे.

झालं असं की आमचा गायक काळी एकमध्ये गातो. काळी एक म्हणजे सी शार्प. चार तारांच्या बेसवर तो सापडतो दुसऱ्या जाड तारेवर, चौथ्या फ्रेटला (फ्रेट म्हणजे वाद्याच्या मानेवरची धातूची आडवी पट्टी). वाजतो छान. पण त्याच्याही खालचा, पोटात गोळा आणणारा सी शार्प चार तारांत नाही, कारण सगळ्यात जाड तार ई आणि तिथे वाद्य संपतं. पाच तारांवाल्यांचे व्हिडिओ बघून बघून माझ्या डोक्यात भरलं, की आपल्या बँडला जी मजा येत नाही ती त्या खालच्या षड्जावाचून. बाकीची कारणं मला दिसत नव्हती असं नाही. ड्रमर दर अंतऱ्याला लय वाढवत पळतो. कीबोर्डवाला डाव्या हाताने माझंच काम करत बसतो. पण त्यावरचा उपाय दुकानात मिळत नाही, पाच तारांचा बेस मिळतो.

घेतला. पहिल्याच रविवारी ठाणे-वाशी लोकलच्या मालडब्यात घालून घणसोलीच्या जॅमरूमवर, म्हणजे सरावाच्या खोलीवर, नेला. खालची तार छेडली तर स्पीकरचा कागद फडफडला आणि कोपऱ्यातल्या झांजेचा स्टँड खुळखुळला. सूर काही आला नाही.

का नाही आला हे मी नंतर वहीत आकडेमोड करून काढलं, पैसे देऊन झाल्यावर. आधी काढायला पाहिजे होतं. बेसची ई तार साधारण 41 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 41 वेळा, कंपते. आवाजाचा वेग सेकंदाला 343 मीटर, म्हणजे त्या सुराची एक लाट 8 मीटरच्या वर, जवळजवळ 27 फूट. पाचवी तार बी, 31 हर्ट्झ, तिची लाट 11 मीटर. जॅमरूम 10 बाय 14 फूट. 14 फुटांच्या खोलीत 40 हर्ट्झच्या आसपासचा सूर भिंतींना आपटून दोन टोकांना साचतो आणि मधोमध गायब होतो. त्यामुळे ज्या भांडणाला आम्ही स्वभावाचं भांडण समजत होतो, ते निघालं खोलीचं. भिंतीला टेकलेला कीबोर्डवाला ओरडतो 'बेस कमी कर', मधे उभा गायक ओरडतो 'बेस येत नाहीये', आणि दोघंही खरं बोलत असतात. ही गत ई तारेची. तिच्या खालच्या बीला तर आमचा 10 इंची स्पीकर दाद देतच नाही. जे ऐकू येतं ते वरचे हार्मोनिक, म्हणजे त्याच सुराच्या पटीतले चढे सूर, आणि त्यावरून खालचा सूर आपला कान मनानेच भरून घेतो. फोनच्या टिचभर स्पीकरवरसुद्धा गाण्यातला बेस कळतो तो याच कारणाने. थोडक्यात, जो सूर स्पीकरमधून बाहेर येत नाही त्याचे मी पैसे भरले होते.

हेवी मेटल संगीत वाजवणाऱ्यांनी रागावू नका, तुम्हाला पाचवी तार लागते, मान्य. मोठ्या स्टेजवर, खाली सबवूफर रचलेले असतील तिथेही लागते. मी सोसायटीचा हॉल आणि शाळेच्या पटांगणाबद्दल बोलतोय.

या वाद्याचा जन्मच मुळात सोय म्हणून झाला. 1951 साली अमेरिकेत लिओ फेंडरने प्रिसिजन बेस बाजारात आणला. उभ्याने वाजवायच्या जुन्या डबल बेससारखं कपाटाएवढं लाकूड वाहायला नको, आणि फ्रेट असल्यामुळे सूर अचूक लागणार, म्हणून नाव प्रिसिजन. तारेची लांबी 34 इंच, जी आजही बहुतेक बेसवर तीच आहे. स्वतः लिओला गिटार वाजवता येत नव्हती, माणूस मूळचा रेडिओ दुरुस्तीवाला. हे मला भारी आवडतं. आणि त्या प्रिसिजनवर डेट्रॉइटच्या जेम्स जेमरसनने काय केलं? मोटाउन या रेकॉर्ड कंपनीची 1960च्या दशकातली ढिगाने हिट गाणी उजव्या हाताच्या एका बोटाने वाजवली. तारा चार, त्याही तुटल्याशिवाय बदलायच्या नाहीत. कितीतरी रेकॉर्डवर त्याचं नावसुद्धा छापलं नव्हतं. आपल्याकडे आर. डी. बर्मनच्या ताफ्यात बेसवर टोनी वाझ होते. त्यांचं नाव मी लहानपणी कॅसेटच्या कव्हरवर शोधलं असतं तरी सापडलं नसतं, आणि शोधायला मला बेस म्हणजे काय हेच माहीत नव्हतं.

आता पैसे घालवायची खाज असेलच तर नवं वाद्य घेऊ नका, आहे त्याचा सेटअप करा, म्हणजे ते नीट जुळवून घ्या. आणि तो करायला शिका. आपल्या ठाण्याच्या पावसात लाकूड हलतं, त्यात वाद्याचा काही दोष नाही. माझा जुना चार तारांचा बेस जुलै लागला की पाचव्या फ्रेटच्या आसपास कुरकुरतो, म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यासारखा. मग पहिली फ्रेट एका हाताने दाबायची, शेवटची दुसऱ्या हाताच्या कोपराने, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखालची फट बघायची. तिथे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं पाहिजे. तार फ्रेटला चिकटलीच असेल तर नेकच्या आतली सळई ॲलन कीने पाव आटा सैल करायची. पाव म्हणजे पाव. एका कारागिराने माझ्यासमोर दणादण पिळून त्या सळईचं डोकं गुळगुळीत केलं होतं. मी समोर उभा राहून बघत होतो आणि काही बोललो नाही, हे मला अजून लागतं. पाव आटा फिरवला की वाद्य रात्रभर ठेवायचं, सकाळी परत कार्ड सरकवून बघायचं. खर्च शून्य.

सराव रात्री करायचा असेल तर अँपही (आवाज वाढवणारा स्पीकरचा डबा) लागत नाही. वन बीएचकेत मुलगी दहावीला असताना मी वर्षभर अँप लावलाच नाही. बेसच्या वरच्या शिंगावर हनुवटी टेकवायची. लाकडातून सूर थेट जबड्याच्या हाडात येतो, चक्क ऐकू येतो, आणि शेजारी बसलेल्या माणसाला फक्त तारांची टकटक. बायको म्हणते त्या पोझमध्ये मी व्हायोलिन शिकणाऱ्या म्हशीसारखा दिसतो. दिसू दे.

बँडचंही तेच, कमी बरे. घोडबंदर रोडच्या कुठल्याही टॉवरमध्ये मजल्यागणिक एक गिटारवाला निघेल, बेसवाला शोधावा लागतो. त्यामुळे आम्हाला भाव फार. एके काळी मी चार बँडांत होतो. एका लग्नात चुकून दुसऱ्याच बँडच्या सुरात गाणं सुरू केलं आणि गायिकेने पाठमोरं असतानाच मान अशी वळवली की ती मान मला अजून स्वप्नात दिसते. आता एकच बँड. बेसवाल्याने बँड निवडताना गायक बघू नये, ड्रमर बघावा. आमचा पळतो, हे वर लिहिलंय. पण तो वेळेवर येतो आणि पळाला की स्वतः कबूल करतो. असा ड्रमर सोडायचा नसतो.

कार्यक्रमांबद्दल माझं मत जरा कडू आहे. फुकट वाजवायला माझी हरकत नाही. गणपतीत, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात, कुणाच्या आईच्या पंचाहत्तरीला आम्ही पैसे मागत नाही. वडापाव आणि रिक्षाचं भाडं मिळालं तर आनंद. पण जिथे आमच्या जिवावर बिअर विकली जाते तिथे फुकट नाही. एका पबने (नाव घेत नाही) सांगितलं, 'पेमेंट नाही, पण एक्स्पोजर मिळेल, आणि तुमची 40 माणसं आणा.' आम्ही भाबडेपणाने आणली. साडू, ऑफिसचे लोक, ड्रमरचे डेंटिस्टसुद्धा आले. प्रत्येकाने स्वतःच्या खिशातून खाल्लं-प्यायलं. रात्री मॅनेजरने आम्हा पाच जणांना दोन कूपनं दिली, फ्रेंच फ्राइजची. मोठी प्लेट हवी असेल तर वरचे पैसे आम्ही भरायचे. आम्ही भरले! एक्स्पोजर म्हणाल तर ज्या 40 जणांना आमचं वाजवणं दिसलं, ते आम्हाला लहानपणापासून ओळखत होते.

मोठे कार्यक्रम मी बाहेरून ऐकतो. जानेवारी 2025 मध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे नेरुळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर तीन दिवस कार्यक्रम झाले. तिकीट मिळालं नाही. एका संध्याकाळी ऑफिसातून सुटून तसाच नेरुळला उतरलो आणि लांब रस्त्यावर उभा राहिलो. चढे सूर हवेत आणि भिंतींत विरतात, खालचे लांबवर येतात. गाणारा ऐकू येईना, गिटार येईना, येत होता फक्त धुम् धुम् असा तळ. सगळ्या गर्दीने त्या रात्री त्यांचा गायक क्रिस मार्टिन ऐकला, मी एकट्याने गाय बेरीमन ऐकला. आता विचारा कुणालाही बेरीमन कोण. त्यांचा बेसिस्ट.

याची दुसरी बाजू अशी, की तिसऱ्या बिल्डिंगमधून तक्रारीचा फोन येतो तोही बेसचाच असतो, कारण तेवढाच पोचलेला असतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद. वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस 12 पर्यंतची सूट राज्य सरकार देऊ शकतं, पण आमचे चेअरमन त्या भानगडीत पडत नाहीत. दहा म्हणजे दहा.

कोजागिरीलाही तेच झालं. गच्चीवर दहाला चेअरमननी स्वतः साउंड मिक्सरची वायर काढली. दूध अजून आटत होतं, चंद्र नुकता टाकीच्या वर आलेला, कुणी उठेना. तेव्हा बी विंगच्या भजनी मंडळाने पखवाज आणि टाळ काढले. ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो ते पखवाजवाले, वय 81. सुनेने पोळ्यांच्या कणकेतला एक गोळा स्टीलच्या डबीत दिलेला. त्यांनी तो पाण्याचं बोट लावून मळला, पखवाजाच्या डाव्या तोंडावर थापला, एक थाप मारली, चिमूटभर काढला, परत थाप. तीन वेळा काढला तेव्हा मान हलवली. जितकी कणीक जास्त तितका आवाज खाली आणि जड. मी शेजारी माझा 15 वॅटचा सरावाचा अँप हळू आवाजात लावला आणि त्यांच्यात घुसलो.

एक अभंग झाला. नानांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "कणीक जास्त झालीय रे तुझी. काढ थोडी."

मी बेसच्या आवाजाची खुंटी अर्ध्यावरून पावावर आणली. सूरही कमी केले. सम आली की एक षड्ज, मधे काही नाही. गायक आमचाच, काळी एक. म्हणजे तोच दुसऱ्या तारेवरचा, चौथ्या फ्रेटचा सी शार्प, ज्याने माझं भागत नव्हतं. साडेअकरापर्यंत तेवढाच वाजवला. नाना पुढे काही बोलले नाहीत, आणि जे त्यांना ओळखतात त्यांना ठाऊक आहे याचा अर्थ काय.

तर जाहिरात. पाच तारांचा बेस विकणे आहे. रंग काळा. एकूण 11 वेळा वाजवलाय, पावसाळा एकच बघितलाय, कार्ड सरकतं, सळईचं डोकं शाबूत. तारा कंपनीच्याच, पाचवी तर अगदी कोरी. बॅग आणि पट्टा सोबत. घोडबंदरपासून पनवेलपर्यंत कुठेही आणून देईन, मालडब्यातून. किंमत इनबॉक्समध्येच विचारा. खाली कमेंटमध्ये आकडा लिहू नका, हात जोडतो.