भिजवल्याने सायनाइड जातं, कॅडमियम नाही

‘तेलविहिरींजवळचा कसावा सोलून, तीन दिवस भिजवून उकळला की जड धातू निघून जातात. तेल नैसर्गिकच आहे, पीक हिरवं आहे, जमीन साफ झाली आहे, वर चुना टाकला की झालं.’ कसाव्याबद्दलचा, म्हणजे ज्यापासून साबुदाणा करतात त्या कंदाबद्दलचा, हा मजकूर आता जवळची, शिकलेली माणसंही पुढे पाठवत आहेत. तो चुकीचा आहे आणि घातकही.

आधी भिजवण्याचं. कडू कसाव्यात लिनामारिन असतं. कंद किसून भिजवला की त्याचं विघटन होऊन हायड्रोजन सायनाइड बनतं आणि ते 26 अंशांनाच उकळून उडून जातं. हे खरं ज्ञान कुणीतरी धातूंना चिकटवलं आहे. कॅडमियम, शिसं, निकेल ही मूलद्रव्यं. ती कुजून तुटत नाहीत, चुलीवर उडत नाहीत. थोडा अंश पाण्यात उतरतो, पण ते पाणीच दूषित विहिरीचं असेल तर उलट भरच पडते. शिवाय सोललेल्या सव्वादोन किलो कंदाची जेमतेम एक किलो गारी (कसाव्याचा भाजलेला कोरडा रवा) होते. पाणी गेलं, धातू बराचसा मागे राहिला, म्हणजे दर किलोमागे प्रमाण वाढलं! सोलण्याचा फायदा मात्र मान्य करायला हवा: चिकटलेली माती आणि शिशाचा बराच भाग सालीबरोबर जातो. गरातलं कॅडमियम जात नाही.

‘नैसर्गिक’ या शब्दाला काही अर्थ नाही. ड्रिलिंगचा चिखल जड करायला बॅराइट वापरतात, त्या खनिजात कॅडमियम, पारा असतो. म्हणूनच अमेरिकेत समुद्रातल्या ड्रिलिंगच्या बॅराइटवर किलोमागे 3 मिलिग्रॅम कॅडमियम आणि 1 मिलिग्रॅम पाऱ्याची मर्यादा आहे. हिरवेपणाचंही तेच. माणसाला घातक ठरेल इतकं कॅडमियम साठवूनही रोप टवटवीत दिसतं.

‘साफ झाली’ म्हणणाऱ्यांनी नायजेरियातल्या ओगोनीलँडवरचा संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाचा 2011 चा अहवाल वाचावा. सफाई पूर्ण झाल्याची नोंद असलेल्या 15 जागा तपासल्या; त्यातल्या 10 ठिकाणी प्रदूषण ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्तच निघालं. ती मोजणी तेलाची होती, धातूंची नाही. पण ‘साफ’ या शिक्क्याची किंमत त्यातून कळते.

चुन्याचं अर्धं खरं आहे. आम्ल जमिनीचा पीएच 6.5 च्या आसपास नेला की कॅडमियम, निकेल मुळांत कमी शिरतात. पण आर्सेनिक उलट मोकळं होऊ शकतं. आणि विहिरीतून तेलाबरोबर येणारं पाणी खारट असतं. त्यातलं क्लोराइड कॅडमियमशी जोडी जमवून त्याला विरघळलेलं ठेवतं, मग चुना टाकूनही ते पिकात चढतं.

तेव्हा माती आणि कंद दोन्ही तपासा. शेतात नागमोडी चालत 15-20 ठिकाणची वरची 20 सेंटिमीटर माती प्लास्टिकच्या बादलीत मिसळा, जस्ताच्या बादलीत नको. साल आणि गर वेगळे पाठवा. अहवाल आला की आकडा ओल्या वजनाचा की कोरड्या, ते आधी विचारा. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची कंदांसाठीची मर्यादा, कॅडमियम किलोमागे 0.1 मिलिग्रॅम, ओल्या वजनाची आहे. 60 टक्के पाणी असलेल्या कंदात कोरड्या वजनाचे 0.2 म्हणजे ओले 0.08.