यकृत भिंतीवरचं घड्याळ बघत नाही

‘रात्री 11 ते 1 पित्ताशय, 1 ते 3 यकृत, 3 ते 5 फुफ्फुसं, 5 ते 7 मोठं आतडं. ज्या वेळी जाग येते, त्या अवयवात बिघाड समजा. याच शोधाला 2017 चं नोबेल मिळालं.’ हा मेसेज घरोघरच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. शरीराला स्वतःचं घड्याळ असतं, एवढंच त्यातलं खरं.

आधी नोबेल. ते जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना मिळालं, फळमाशीवरच्या कामासाठी. माशीच्या पेशीतला ‘पीरियड’ नावाचा जनुक एक प्रथिन बनवतो. ते रात्री साठत जातं आणि पुरेसं साठलं की त्याच जनुकाला थांबवतं. दिवसा ते प्रथिन मोडतं, जनुक पुन्हा कामाला लागतो. ही फेरी सुमारे 24 तासांची. अवयवांचं वेळापत्रक यात कुठेही नाही. ते आलंय चिनी पारंपरिक वैद्यकातून, जिथे दिवसाचे दोन-दोन तासांचे बारा भाग पाडून प्रत्येकाला एक अवयव जोडलेला आहे. त्यावर नोबेलचा शिक्का मारणं ही लोकांची फसवणूक आहे.

आता ते ठरावीक तास. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखांशाची. मुंबईचा सूर्य तिच्या सुमारे 39 मिनिटं मागे चालतो, नागपूरचा 14 मिनिटांच्या आसपास. म्हणजे घड्याळात एकच वेळ असली तरी दोन्हीकडची रात्र सारखी सरलेली नसते. शरीराचं मुख्य घड्याळ मेंदूत असतं, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर. त्यात पेशी जेमतेम 20 हजार. त्याची फेरी सरासरी 24 तासांहून थोडी मोठी असते आणि रोजच्या उजेडाने ती जुळवून घेतली जाते. ज्यांना उजेडाची जाणीवच होत नाही अशा अनेक अंध व्यक्तींची झोप म्हणूनच रोज थोडी थोडी पुढे सरकत जाते. पहाटे चारला उठणारा दूधवाला आणि दोनपर्यंत जागणारा विद्यार्थी यांच्या शरीरातली मध्यरात्र एकाच वेळी होत नाही.

यकृत 1 ते 3 मध्ये ‘विषारी द्रव्यं काढतं’ म्हणे. संध्याकाळी घेतलेली पॅरासिटॅमॉलची गोळी यकृत तेव्हाच हाताळायला घेतं, रात्रीच्या एकची वाट बघत नाही. यकृताला स्वतःचं घड्याळ आहे, पण ते मुख्यतः जेवणाच्या वेळांवर लागतं. निशाचर उंदरांना फक्त दिवसा खायला दिलं, तर काही दिवसांत त्यांच्या यकृताचं घड्याळ उलटं फिरतं. मेंदूतलं मात्र जागचं हलत नाही.

सगळ्यात जास्त राग येतो तो पुढच्या ओळीचा: ‘3 ते 5 फुफ्फुसांची सफाई होते, तेव्हाचा खोकला औषधाने दाबू नका.’ पहाटे दमेकऱ्यांचा त्रास वाढतो, हे अगदी खरं. पण त्या वेळी सफाई चाललेली नसते. रात्री कॉर्टिसोल आणि अ‍ॅड्रिनलिन ही श्वासमार्ग मोकळा ठेवायला मदत करणारी संप्रेरकं कमी असतात, श्वासनलिका आकसतात, सूज वाढते. पीक फ्लो मीटर नावाची साधी नळी मिळते. तिच्यात जोरात फुंकलं की काटा सरकतो. दमेकऱ्याने सकाळ-संध्याकाळ फुंकून आकडे वहीत लिहिले, तर सकाळचा आकडा बहुधा खाली दिसतो. ही दरी मोठी असेल किंवा खोकल्याने वरचेवर झोपमोड होत असेल, तर दमा आटोक्यात नाही. अशा माणसाला ‘घाण बाहेर पडतेय’ म्हणून थांबायला सांगणं जिवावर बेतू शकतं.

पहाटे तीनला जाग येण्याचंही तसंच. रात्रीच्या उत्तरार्धात झोप मुळातच हलकी होत जाते, त्यामुळे जाग येणं हा आजार नव्हे. वारंवार लघवीला उठावं लागत असेल, तर साखर तपासा. पुरुषांनी प्रोस्टेटही दाखवावं. घोरताना श्वास अडकून जाग येत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. यकृतशुद्धीच्या चूर्णाने यातलं काहीच सुटत नाही.

राहता राहिला नाईट शिफ्टचा मुद्दा. रात्रपाळी शरीराला बाधते, हे मान्य. कारण उजेड मेंदूला एक वेळ सांगतो आणि मध्यरात्रीचा डबा यकृताला दुसरी. ज्या सिस्टरला ड्युटी सोडता येत नाही, तिला ‘11 ते 3 झोपली नाहीस तर यकृत सडेल’ म्हणून घाबरवून काय मिळणार? मध्यरात्री पोटभर जेवण टाळावं, घरी येताना गॉगल लावावा, झोपायच्या खोलीला जाड पडदे असावेत आणि त्या वेळात घरच्यांनी तिला हाक मारू नये.