स्टिकर खूप लावले, आता बिल दाखवा

विद्यार्थी असताना दोन वर्षं मी आमच्या विद्यापीठाच्या पर्यावरण मंडळात होतो. त्या दोन वर्षांत काय केलं? दिव्यांच्या बटणांपाशी 'गरज नसताना बंद करा' असे स्टिकर चिकटवले, पोस्टर स्पर्धा घेतली, एक शपथ घेतली आणि भरपूर फोटो काढले. वार्षिक अहवालात आमची नोंद 'सहभागी विद्यार्थी' अशी झाली. संख्या हजेरीपटावरून घेतली होती.

एकदा मी देखभाल विभागात जाऊन विचारलं, आपल्या वसतिगृहाचं विजेचं बिल बघायला मिळेल का? समोरच्या साहेबांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "तुम्हाला कशाला हवंय?" खवचटपणे नाही हो, त्यांना खरंच कळेना. वीज वाचवा म्हणून ज्यांच्याकडून स्टिकर लावून घेतले, त्यांना वीज किती जळते हे कळायला हवं, असं कुणाला वाटलंच नव्हतं. आम्हालाही वर्षभर वाटलं नव्हतं म्हणा.

आकडा दिसला की काय होतं, याचं एक उदाहरण माझ्या कायम लक्षात राहिलंय. २००५ साली अमेरिकेतल्या ओबर्लिन कॉलेजात वसतिगृहांची दोन आठवड्यांची वीजबचत स्पर्धा झाली. बहुतेक इमारतींना आठवड्यातून एकदा मीटरचा आकडा कळवायचे. दोन इमारतींना मात्र चालू वापर तिथल्या तिथे दिसत होता. एकूण वापर ३२ टक्क्यांनी उतरला, त्या दोन इमारतींत ५५ टक्क्यांनी. आता दोन आठवडे कुणीही हौसेने अंधारात बसेल, हे मान्य. वर्षभराचं काय, हा प्रश्न उरतोच. शिवाय त्याच स्पर्धेत पाण्याचा वापर जेमतेम ३ टक्क्यांनी कमी झाला, त्यामुळे आकडा म्हणजे जादूची कांडी असंही नाही. पण नुसत्या स्टिकरने ३२ टक्के कुठे झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आणि वीज मुळात जाते कुठे? आम्ही खोल्यांमधल्या दिव्यांमागे लागलो होतो. विज्ञान विभागाच्या प्रयोगशाळांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. रसायनांच्या वाफा ओढून घेणारं फ्यूम हूड खोलीतली गार किंवा गरम केलेली हवा अखंड बाहेर फेकत असतं. असं एक हूड साधारण साडेतीन घरांइतकी ऊर्जा खातं, असा अमेरिकेतला एक अंदाज आहे. बऱ्याच हूडांमध्ये पुढची काच खाली ओढली की हवेचा उपसा कमी होतो. एवढंच काम! हार्वर्ड आणि एमआयटीमध्ये काच खाली ठेवण्याच्या मोहिमा याचसाठी झाल्या. उणे ८० अंशांचे फ्रीजर उणे ७० वर आणले तरी त्यांची वीज बरीच वाचते. आता या यंत्रांपाशी रात्री अकरा वाजता कोण उभं असतं? पीएचडीची मुलं. पर्यावरण मंडळाच्या बैठकीला त्यांना कधी कुणी बोलावलंय?

विद्यार्थ्यांवर ठपका असतो की यांचा उत्साह टिकत नाही. खरं आहे. पहिल्या बैठकीला चाळीस जण, परीक्षेच्या तोंडावर चार. पण तीन वर्षांत जो बाहेर पडणारच आहे त्याच्या उत्साहावर व्यवस्था उभी करायची आणि ती कोसळली की त्यालाच बोल लावायचा, हे काही पटत नाही. आमची बॅच गेली आणि सगळी माहिती एका पेन ड्राइव्हमध्ये गेली. तो पेन ड्राइव्हही गेला. पुढच्या पोरांचे पहिले पाढे पंचावन्न.

यावर उपाय नाहीत असं नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात 'सीड्स' नावाचा कार्यक्रम आहे. त्यात विद्यापीठाचेच प्रश्न विद्यार्थी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून घेतात, त्याचे श्रेयांक (क्रेडिट) मिळतात आणि सोबत प्राध्यापक व कर्मचारी असतात. मुलं गेली तरी काम आणि कागद मागे राहतात. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये मतदान करून स्वतःच्याच शुल्कातून एक हरित निधी उभा केला. कुठल्या प्रकल्पाला पैसे द्यायचे हे ठरवणाऱ्या समितीत बहुमत विद्यार्थ्यांचं. पैशावर हात असला की बैठकीला माणसं येतात, हा माझा सगळीकडचा अनुभव आहे.

फुकट राबण्याबद्दलही बोलायला हवं. शिकता शिकता नोकरी करणाऱ्या मुलाला संध्याकाळी दोन तास स्वयंसेवा परवडत नाही. मग मंडळात उरतात ते ज्यांना परवडतं ते, आणि 'विद्यार्थ्यांचं मत' म्हणून त्यांचंच मत वर जातं. कामाचे पैसे द्या, नाहीतर श्रेयांक तरी द्या.

मोठे निर्णय मात्र समितीत बसून झालेले मी फारसे पाहिले नाहीत. १९९० मध्ये फ्रान्समधल्या तालुआर इथे २२ विद्यापीठप्रमुखांनी शाश्वततेच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, पुढे शेकडो विद्यापीठं त्यात आली. छान झालं. पण विद्यापीठांनी कोळसा, तेल अशा खनिज इंधनांच्या कंपन्यांत गुंतवलेला पैसा काढून घ्यावा, हा प्रश्न विद्यार्थ्यांनीच लावून धरला. हार्वर्डमधली मोहीम २०१२ मध्ये सुरू झाली, २०१९ मध्ये येल विद्यापीठाविरुद्धच्या फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात दोन्हीकडची मुलं मैदानात बसली, आणि २०२१ मध्ये ही गुंतवणूक आवरती घेत असल्याचं हार्वर्डने जाहीर केलं. म्हणजे नऊ वर्षं! सुरुवात करणारे बहुतेक जण तोवर पदवी घेऊन कधीच बाहेर पडले होते. तिथे पेन ड्राइव्ह हरवला नाही, एवढं नक्की.

आता कुठल्याही विद्यापीठाने 'विद्यार्थी सहभाग' असा शब्द वापरला की मी एकच गोष्ट विचारतो: वसतिगृहाचं बिल मुलांना दिसतं का? उत्तरादाखल बहुतेक वेळा फोटो येतात.

आमच्या वसतिगृहाचं ते बिल मला अजून बघायचंय.